त्वचेची बधिरता आणि अंतःकरणाची बधिरता

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या आचारधर्मात अहिंसेचे स्थान थोर आहे. परंतु हिंसा केवळ शस्त्रानेच घडते असे नव्हे. ती वाणीने घडते, मनानेही घडते. कुष्ठरोग्याच्या वाट्याला ही हिंसा पिढ्यानपिढ्या आली.

पूर्वी हा रोग पापाचे फळ अथवा कुळाचा दोष मानला जाई. १८७३ साली नॉर्वेतील वैद्य हान्सेन यांनी त्याचा जंतू शोधला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. तो नियमाने घेतल्यास ६ ते १२ महिन्यांत रोग बरा होतो. तथापि भारतातील विवाहविषयक कायद्यांत घटस्फोटाचे कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख २०१९ साली वगळला गेला. औषधास महिने पुरले. समाजमनास तीन तपांहून अधिक काळ लागला.

या रोगात नसा बिघडून त्वचा बधिर होते. पाय भाजला तरी रोग्यास कळत नाही. निरोगी म्हणविणाऱ्याचे अंतःकरण मात्र जंतूवाचूनच बधिर होते. शेजारचा जीव पोळला तरी त्यास कळत नाही. या बधिरतेवर वैद्याजवळ औषध नाही.

म्हणून देवतांना नवस करीत औषध टाळणे हे अज्ञान होय, आणि बऱ्या झालेल्यास पंक्तीतून उठविणे हे निर्दयत्व होय. अंगावर बधिर चट्टा दिसताच रोग्यास दवाखान्यात न्यावे. त्यास पंक्तीत आपल्याजवळ बसवावे. पहिल्याने रोग जातो, दुसऱ्याने दुःख जाते. दोन्ही घडले तरच अहिंसेचे आचरण घडले.