तेरावा मळ

आमच्या वस्तीतल्या विहारात पुस्तकांचं एक कपाट आहे. त्यात मोलस्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. रात्रपाळी नसली की हा कोश घेऊन बसतो, लोक कादंबरी वाचतात तसा.

एक जुना शब्द डोक्यात बसलाय. चीक. रुईचं पान तोडलं की गळतो तो चीक. फणसाचा चीक. गाय व्याल्यावर पहिल्यांदा पिळतात तोही चीक. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून काढतात तोही चीकच. झाड, जनावर, धान्य, सगळ्यांना शब्द एकच. हा शब्द शेतातल्या, गोठ्यातल्या, चुलीपुढच्या माणसांनी घडवला. जे पाझरताना दिसलं त्याला नाव दिलं. त्यात सोवळं-ओवळं नाही.

आता दुसरं पुस्तक घ्या. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली ती मनुस्मृती. तिच्या पाचव्या अध्यायात माणसाच्या अंगाचे बारा मळ मोजलेत. चरबी, वीर्य, रक्त, मज्जा, मूत, विष्ठा, शेंबूड, कानातला मळ, कफ, आसवं, डोळ्यांतली चिपडं आणि घाम. त्याच अध्यायात झाडाचा तांबडा डिंक आणि गाईचा चीक खाऊ नका, असंही सांगितलंय. पण खरवस तर सोवळ्यातलेही मिटक्या मारत खातात. जिभेला गोड लागलं तिथं मनूला बाजूला ठेवता आलं. माणसाच्या बाबतीत का नाही ठेवता आलं?

दुसरं असं, की हे बारा मळ ‘माणसांचे’ म्हटलेत. एका जातीचे म्हटले नाहीत. म्हणजे भटाच्या नाकातही शेंबूडच. मग एका अख्ख्या माणसालाच तेरावा मळ कुणी ठरवलं? पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडकं बांधावं लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त लिहून ठेवलंय.

पेशवाई गेली, गिरण्या आल्या. मडकं गळ्यातून गेलं, पण थुंकी काही सुटली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. पगार तिथं जास्त. कारण काय? तर धोट्यातला धागा तुटला की तोंड लावून ओढावा लागे, त्याला थुंकी लागे. महाराच्या थुंकीनं बाकीचे बाटणार! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवायची मागणी लावून धरली.

आता हिशेब बघा. तेच सूत कताई खात्यात आपली माणसं कातत होती. त्यावर त्यांचा घाम पडत होता. घाम तर मनूच्या यादीत नावानिशी आहे. तो चालला, कारण घामाशिवाय सूत निघत नाही. थुंकी चालली नाही, कारण तिच्यापुढं जादा पगाराची जागा होती. म्हणजे विटाळ काही थुंकीत नव्हता. तो जागेच्या वाटपात होता.

इथवर मी शहाणा. पुढचं सांगायला लाज वाटते.

मी सूतगिरणीत कामाला. रिंग फ्रेमवर माझ्या शेजारी एक जण आहे. त्याचे वडील गटारात उतरायचे. मागच्या उन्हाळ्यात खात्यात अंगाची लाही होत होती. त्यानं स्वतः प्यालेली बाटली माझ्यापुढं केली. मी ती वर धरून प्यालो. तोंड लावलं नाही. बाकीच्यांच्या बाटलीला मी तोंड लावतो, हे त्यानं रोज बघितलेलं. तो काही बोलला नाही. बाटली घेतली, बूच लावलं आणि तुटलेल्या तारा जोडायला लागला.

मी कुठून शिकलो हे? कुणी शिकवलं नाही. किळस ही अंगाचीच गोष्ट, असं आपण धरून चालतो. पण पोटच्या पोराचा शेंबूड आई पदरानं पुसते, तेव्हा किळस कुठं जाते? घाण असेल तर ती साबण-पाण्यानं निघते. तिला जुन्या कोशासारखं सरळ नाव द्यावं, हात धुवावे आणि मोकळं व्हावं. ते नाव माणसाला चिकटवलं की मग ते धुऊन निघत नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्याच्याकडं बाटली मागितली आणि तोंड लावून प्यालो. त्यात मोठेपणा काही नाही. माफी अजून मागता आलेली नाही.

मित्रांनो, शिबिरात, मोर्चात आपण मनूला शिव्या देतो. द्यायलाच पाहिजेत. पण तिथं तहान लागल्यावर आपण कुणाच्या तांब्याला तोंड लावत नाही, तेवढं एकदा ज्यानं त्यानं बघावं. मी बघितलं, आणि मनू माझ्या ओठाशीच बसलेला सापडला.

जय भीम.