दोष सुईचा की हाताचा?

पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा अशी आज्ञा आहे. न घातल्यास, पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागतो. लहानपणी हे ऐकून आम्हांस गंमत वाटे, कारण कोकणातल्या आमच्या कौलारू घराला गच्चीच नव्हती! ह्या आज्ञेचे मर्म कळले ते पुष्कळ वर्षांनी, येथल्या एका इस्पितळात.

टोचून झाल्यावर सुईला पुन्हा टोपण घालून मगच ती टाकावी, अशी आम्ही शिकलो तेव्हाची शिस्त होती. एका रात्रपाळीला टोपण चुकले आणि सुई आमच्या अंगठ्यात शिरली. रोग्याला कावीळ होती. मुख्य परिचारिकाबाईंनी कागद पुढे केला व कारणाच्या रकान्यात 'हयगय' ह्या अर्थाचा हिब्रू शब्द लिहावयास सांगितले. आम्ही लिहिला. पुढे कित्येक महिने मुलांना जेवू घालताना तोच शब्द मनात घोळत असे. परमेश्वराच्या कृपेने काही झाले नाही.

हयगय होती काय? होती, थोडीशी. पहाटे चार वाजता कोणाचा हात स्थिर असतो?

पुढे वापरल्यावर झाकली जाणारी सुई निघाली, पण महाग म्हणून पुष्कळ इस्पितळे ती घेत नसत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९८ साली सर्वप्रथम कायदा करून अशा सुया देणे मालकांवर बंधनकारक केले. नोव्हेंबर २००० मध्ये साऱ्या देशासाठी कायदा झाला. सुई निवडताना ती हाताळणाऱ्यांचे मत घ्यावे, असे त्यात आहे. शिवाय नोंदवहीत सुई कोणत्या प्रकारची होती, कोठे व कशी टोचली, हे लिहावयाचे. टोचलेल्याचे नाव मात्र गुप्त ठेवावयाचे. आमच्या कागदावर सुईची चौकशी करणारा रकानाच नव्हता!

कोणी म्हणतील, अशाने माणूस बेफिकीर होईल. पण कठडा आहे म्हणून गच्चीवर कोणी डोळे मिटून चालत नाही. मालक भला असला तर कायदा कशाला, असेही विचारतात. भला मालक महाग सुई घेतो आणि शेजारचा स्वस्तात भागवतो. मग भलेपणा किती दिवस टिकणार? कायदा दोघांनाही सारखाच खर्च करावयास लावतो.

आपल्या इस्रायलात १९५४ च्या कायद्याने २५ वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती असावी लागते, व तीत कामगारांचे प्रतिनिधी बसतात. आमच्या जावईबापूंना विचारले, तुम्ही जाता का? म्हणाले, "सभा जेवणाच्या सुट्टीत ठेवतात, आई. कोण जाणार?"