समदृष्टी आणि दोन वाट्या

आजचं चिंतन गीतेच्या ५व्या अध्यायातल्या १८व्या श्लोकावर. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, ज्ञानी माणूस सगळ्यांत एकच तत्त्व पाहतो, असं भगवंत सांगतात.

आमचा मोती ११ वर्षांचा. घरात नवं पिल्लू आलं आणि तो गुरगुरायला लागला. "म्हाताऱ्याला बांधून ठेवा," असा सल्ला लगेच मिळाला. पण गुरगुरणं म्हणजे "जरा लांब राहा" एवढंच. ते ओरडून दाबलं, तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावू शकतो.

म्हणून भेटी जाळीच्या दारातून, ५-५ मिनिटांच्या. वाट्या वेगळ्या खोल्यांत. मोतीची गादी फक्त मोतीची. म्हाताऱ्या सांध्यांना पिल्लाच्या उड्या सोसत नाहीत. पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्या की फिरायला दोघं सोबत.

मित्रांनो, समदृष्टी म्हणजे सगळ्यांना एकच माप नव्हे. आत्मा एक, गरजा वेगळ्या. नव्याचं कौतुक करताना जुन्याची जागा राखणं, हीसुद्धा पूजाच. घरातल्या आजी-आजोबांचंही असंच असतं ना?

आजची साधना: घरातल्या सर्वांत जुन्या जिवाला आधी वाढा.