जळत्या माणसाचं चित्र आणि आपलं गाणं

दोस्तांनो, मेलेल्या माणसाचं गाणं करावं का? केलं तर ते विकावं का? प्रश्न कडू हाय, पण तो आपणच सोडवला पाहिजे.

१९९२ साली लॉस एंजेलिसच्या 'रेज अगेन्स्ट द मशीन' या रॉक बँडचा पहिला अल्बम निघाला. गाणी पोलिसांच्या वर्णद्वेषावर, शाळेत शिकवल्या जाणाऱ्या एकतर्फी इतिहासावर. कव्हरावर मांडी घालून बसलेला, ज्वाळांनी वेढलेला एक बौद्ध भिक्खू. त्याचं नाव थिक क्वांग डुक. दक्षिण व्हिएतनामचं सरकार बौद्धांवर करत असलेल्या जुलमाविरुद्ध ११ जून १९६३ रोजी सायगावच्या भर चौकात त्यानं स्वतःला जाळून घेतलं. अल्बम काढणारी एपिक कंपनी सोनीच्या मालकीची. प्रती लाखांनी खपल्या.

कुणी म्हणेल, भांडवलदाराच्या पैशावर कसली क्रांती? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. आपली भीमगीतं तरी गावोगाव कशी गेली? आधी जलशातून, वामनदादा कर्डकांसारख्यांच्या पायपिटीतून. मग रेकॉर्ड आणि कॅसेटवरून. मुरुमसारख्या कर्नाटकाच्या कडेच्या गावात प्रत्येक शाहीर कुठून पोचणार? कंपनीनं नफा कमावला, पण गाणंही पोचलं. शिवाय शाहिराला पोट असतं. त्याच्या गाण्यावर टाळ्या वाजवायच्या आणि त्यानं मानधन मागितलं की 'विकला गेला' म्हणायचं, हा आपला ढोंगीपणा झाला. गाणं विकणं हे पाप नव्हे.

माझा जीव अडकतो तो चित्रात. कव्हराच्या दर्शनी भागावर बँडचं नाव आहे, भिक्खूचं नाही. ज्यानं सगळं दिलं तोच बिननावाचा! नाव पुसणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता घरात या. १९७८ साली विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंना मारलं गेलं. ते मरण त्यांनी निवडलं नव्हतं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आपण दोघांनाही शहीद म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण गाणं लिहिताना दोन्ही मरणं एकाच सुरात गाता येतील का?

इथं मला विनय आठवतो. तिसऱ्या पाराजिकात नुसती हत्या येत नाही. मरणाची स्तुती करून दुसऱ्याला मरणाकडं ढकलणं हाही तितकाच मोठा गुन्हा धरलाय. म्हणजे शब्दाचीही जबाबदारी आहे. जो आगीचं कौतुक गातो, तो पुढच्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या मनात काय पेरतोय?

कुणी विचारील, मग गौतमबद्दल गप्प बसायचं? मुळीच नाही. गप्प बसणं तर सत्तेला हवंच असतं. पण माणसाचं गाणं वेगळं आणि मरणाचं गाणं वेगळं. गौतमचं नाव घ्या, त्यांची मागणी सांगा, सोळा वर्षं ठराव कुणी कुजवला ते ठणकावून सांगा. ज्वाळा सुंदर करू नका. त्यांचं जगणं चळवळीला हवं होतं.

आणि गाणाऱ्याचं काय? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्यांचा आवाज आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या २०११ च्या चित्रपटातून जगभर गेला. आवाज सगळ्यांनी ऐकला. पण सगळ्यांचं दुःख गाणाऱ्या माणसाचं दुःख ऐकायला त्या चार दिवसांत त्याच्याजवळ कोण होतं? हा प्रश्न मी कुणा एकावर ढकलत नाही. तो सगळ्या चळवळीचा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हुतात्म्याचं गाणं करणाऱ्यानं आधी त्याचं नाव लिहावं. पैसा आला तर त्याच्या घरचा वाटा काढावा. आणि गाणं संपल्यावर ऐकणाऱ्या पोराकडं बघावं. त्याला मरावंसं वाटत असेल तर गाणं फसलं, मग चाल कितीही जबर असो. त्याला स्कॉलरशिपचा फॉर्म भरावासा, बहिष्कार पडलेल्या वस्तीत जाऊन बसावंसं, कोर्टात साक्ष द्यायला उभं राहावंसं वाटत असेल, तर ते गाणं कुठल्याही कंपनीनं विकू द्या, ते आपलंच.

१४ एप्रिलला भिंतीएवढे स्पीकर लावाल तेव्हा एवढं तपासा. आवाज मोठा करणं सोपं आहे. आपल्या पोरांना जगायला लावील असा शब्द निवडणं अवघड हाय. ते अवघड काम आपलं.

जय भीम.