मृत्यूची मुद्रा आणि संग्राहकाचा धर्म

संग्रहाचा छंद सामान्यतः निरुपद्रवी मानला जातो. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी शिवराई, कोणी जुनी हस्तलिखिते. परंतु नाणी व पदके जमविणाऱ्यांत एक वर्ग असाही आहे, की ज्याची दृष्टी नेमकी कवटी, अस्थिपंजर, वाळूचे घड्याळ किंवा फासाचा खांब कोरलेल्या वस्तूंवर खिळते. युरोपात अशा पदकांची व बिल्ल्यांची परंपरा पाच शतकांहून जुनी आहे, आणि त्यांचा बाजारही तेजीत असतो. हा छंद ज्ञानाचा म्हणावा की मनाच्या विकृतीचा, हा प्रश्न आम्हांस पडला; आणि तो केवळ परक्यांचा नाही, असे अनुभवाने कळून चुकले.

अशी वस्तू अभद्र म्हणून दूर सारावी, हे पहिले उत्तर. पण ते आपल्या तोंडी शोभणारे नाही. ज्याच्या गळ्यात मुंडमाला आणि ज्याचा वास श्मशानात, त्या महादेवापुढे आपण नित्य हात जोडतो. वेरूळच्या शिल्पकारांनी अस्थिपंजराच्या मूर्ती देवांच्या पंक्तीस बसविल्या. सर्वांत मोठे आश्चर्य कोणते, या यक्षाच्या प्रश्नाला उत्तर देताना युधिष्ठिराने बोट ठेवले ते माणसाला पडणाऱ्या मृत्यूच्या विस्मरणावरच. तेव्हा कवटीचे दर्शन हा दोष नव्हे. ते कशासाठी घडवावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

व्हेनिसचा चित्रकार जोव्हान्नी बोल्दू याने १४५८ साली स्वतःचेच पदक घडविले. एका बाजूस त्याची मुद्रा; दुसऱ्या बाजूस हातांत तोंड लपवून बसलेला विवस्त्र तरुण, आणि जवळच एक कवटी. पदक हे एरवी कीर्ती टिकविण्याचे साधन. बोल्दूने त्याच धातूवर कीर्तीचा शेवटही कोरून ठेवला. येथे कवटी दुसऱ्या कोणाची नाही. ज्याचे मुख समोर आहे त्याचीच ती.

याहून आम्हांस मोलाचे वाटतात ते सतराव्या शतकातील डच शहरांमधील व्यावसायिक श्रेणींचे बिल्ले. एका धंद्यातील सभासद निवर्तला म्हणजे इतरांनी त्याच्या अंत्ययात्रेस गेलेच पाहिजे, असा त्या श्रेणींचा दंडक होता. ज्याचा त्याचा बिल्ला निराळा, त्यावर बहुधा नाव कोरलेले. अंत्यविधीच्या वेळी तो जमा करावयाचा. ज्याचा बिल्ला आला नाही त्यास दंड. त्यांवर कवटी वा सांगाडा असे, तो भिवविण्यासाठी नव्हे, तर शेजाऱ्याला खांदा देण्याचे कर्तव्य आठवावे म्हणून. आपल्याकडे तिरडी उचलण्यास चार माणसे मिळणे हीच माणसाच्या आयुष्याची खरी मिळकत समजतात. त्यांनी तीच गोष्ट धातूत ओतली एवढेच.

पण हाच सांगाडा द्वेषाच्या सेवेसही जुंपता येतो. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज आयर्लंडजवळ बुडविले आणि सुमारे बाराशे माणसे प्राणास मुकली. म्युनिकच्या कार्ल गोट्झ या पदककाराने त्यावर उपहासाचे पदक काढले : जहाज-कंपनीच्या खिडकीत बसून सांगाडा तिकिटे विकतो आहे, आणि वर अक्षरे आहेत, सर्वांआधी धंदा. त्याला दोष द्यावयाचा होता तो धोका ठाऊक असूनही प्रवासी नेणाऱ्यांना. परंतु बुडालेल्यांसाठी त्या पदकावर शोकाचे एक चिन्ह नाही. पुढे ब्रिटिशांनी त्याच पदकाच्या लक्षावधी प्रतिकृती काढून, पेटीत घालून, शत्रूच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून विकल्या. एकाच सांगाड्याने दोन्ही पक्षांची चाकरी केली. मेलेली मुले मात्र कोणाच्याच हिशेबात आली नाहीत.

लंडनचे वैद्य फ्रेडरिक पार्क्स वेबर (१८६३–१९६२) यांनी अशा वस्तूंचा अभ्यास जन्मभर केला, १९१० साली कलेतील मृत्युदर्शनावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आपल्या संग्रहातील पुष्कळ नाणी-पदके ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. जमविणे आणि देऊन टाकणे या दोहोंच्या मध्ये संग्राहकाचा धर्म कोठे तरी वसत असावा, असे आम्हांस त्यांच्या चरित्रावरून वाटते.

आमची स्वतःची परीक्षा निराळ्याच पदकाने घेतली. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने १९१९ पासून हातभर नव्हे, पण तळहात झाकेल एवढी काशाची चकती पाठविली. तीवर ब्रिटानिया, सिंह आणि मृताचे नाव, हुद्दा नाही. अशा साडेतेरा लाखांहून अधिक चकत्या निघाल्या, आणि मेसोपोटेमियात कामी आलेल्या मराठा पलटणींच्या शिपायांच्या घरीही त्या पोहोचल्या. त्यांतील एक बेळगावकडील एका मोडवाल्याच्या ढिगात आमच्या हाती लागली. वजनाच्या भावाने घेतली. घरी आणताच आमच्या वृद्ध आत्याबाई म्हणाल्या, "मेलेल्याच्या नावाची वस्तू ती. तुळशीच्या आत आणू नकोस."

आम्ही हसलो. तीवर कवटी नाही, हाड नाही, असे त्यांस समजावू लागलो. त्यांनी एवढेच विचारले, "नाव आहे ना?"

त्या प्रश्नाने आमचे हसणे थांबले. बोल्दूची कवटी कलाकृती आहे, गोट्झचा सांगाडा व्यंग आहे. पण या निरुपद्रवी चकतीत एका मातेचे दुःख होते, आणि आम्ही ते मोडीच्या भावात विकत घेऊन स्वस्तात मिळाले म्हणून सुखावलो होतो. भीषणता चित्रात नव्हती; ती आमच्या त्या सुखावण्यात होती.

मग काय, जमवूच नये? आम्ही न घेतली असती तर ती चकती मुशीत जाऊन तिची समई झाली असती आणि नाव वितळले असते. तेव्हा घेणे हा दोष नव्हे. मालक होणे हा दोष. ज्या वस्तूवर मृत्यूची मुद्रा आहे तिचा संग्राहक विश्वस्तच असू शकतो. ती कोणासाठी घडली, कोणाच्या हातून सुटली, हे त्याने शोधावे, वस्तूसोबत लिहून ठेवावे, वारस सापडल्यास मूल्य न घेता परत करावे. हे ज्यास जड वाटते त्याने टपालाची तिकिटे जमवावीत.

त्या शिपायाचा वारस आम्हांस अद्याप सापडलेला नाही. आत्याबाईंच्या शब्दाचा मान राखून चकती ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवली आहे. तर्पण करताना ज्यांना कोणी नाही अशांसाठीही आपण ओंजळ सोडतो. गेल्या सर्वपित्री अमावास्येला ती ओंजळ सोडताना आम्ही एक नाव मोठ्याने उच्चारले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.