वजाबाकीतून कळणारी हवा

एखाद्या ग्रहावरची हवा कशी आहे हे सांगायचे, तर निदान तो ग्रह तरी डोळ्यांना दिसला पाहिजे, असे आपल्याला वाटते. एचडी 209458 या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह असा वेगळा कोणीही पाहिलेला नाही. तरी त्याच्या हवेत सोडियम आहे, हे आपल्याला माहीत आहे. तो वस्तुमानाने गुरूपेक्षा हलका, आकाराने मोठा. त्याचे वर्ष साडेतीन दिवसांत संपते आणि ताऱ्याच्या निकट सान्निध्यामुळे त्याची हवा हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापलेली असते. 1999 साली तो ताऱ्यासमोरून सरकताना सापडला. तीनेक तास ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने उणा झाला आणि पुन्हा पूर्ववत झाला.

पुढे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड शार्बोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून तोच उणेपणा रंगारंगांत वाटून पाहिला. सोडियमच्या पिवळ्या रंगात तारा शेजारच्या रंगांपेक्षा दहा हजारांत सुमारे दोन भाग अधिक मंदावत होता. ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आलेल्या प्रकाशातला तेवढाच रंग सोडियमच्या अणूंनी अडवला होता. परक्या सूर्याच्या ग्रहाची हवा माणसाला पहिल्यांदा कळली ती अशी, 2001च्या अखेरीस.

अशी वजाबाकी आपल्याकडे जुनीच आहे. बीड जिल्ह्यातल्या तेलगावहून घाट चढून अंबाजोगाईला गेले की आद्यकवी मुकुंदराजांची समाधी लागते. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा अद्वैताचा ग्रंथ, आणि जे नाही ते एकेक बाजूला सारत जाणे ही वेदान्ताची जुनी रीत. वर्णपटाच्या अभ्यासात मला तिचा भास होतो, पण दिशा उलटी आहे. वेदान्ती सगळे वजा करून जे उरते त्याला सत्य म्हणतो. इथे जे उरले नाही, तोच पुरावा ठरतो.

अशा पुराव्यात जोखीम मोठी असते. ताऱ्यावर स्वतःचे डाग असतात, उपकरणाची संवेदनशीलता हळूहळू ढळते, आणि या दोन्हींतून होणारी घट ग्रहाच्या खाती जमा होऊ शकते. याच ग्रहाच्या वरच्या हवेत खालच्यापेक्षा अधिक उष्ण थर आहे, असा निष्कर्ष 2008 साली स्पिट्झर दुर्बिणीच्या मोजमापांवरून निघाला. अनेक वर्षे तो धरूनच पुढची गणिते मांडली गेली. 2014 साली जुनी आणि नवी मोजमापे एकत्र नव्याने तपासल्यावर तसा थर दिसेना. ही माघार मला सोडियमच्या शोधाइतकीच मोलाची वाटते. इतक्या अल्प प्रकाशावर विद्या उभी करायची, तर हाती आलेले सोडून देण्याची तयारी तिच्या पायातच हवी.

महाराष्ट्रातूनही या ग्रहाकडे कान लावला गेला आहे. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. ग्रहाला चुंबकीय क्षेत्र असेल तर तो रेडिओलहरी सोडील, या अपेक्षेने फ्रेंच संशोधकांच्या पुढाकाराने तिथे 150 मेगाहर्ट्झवर हा ग्रह तपासला गेला. काही ऐकू आले नाही. एचएटी-पी-11बी या लहान ग्रहाकडून 2009 साली पुसट खूण मिळाल्यासारखे वाटले, पण 2010 साली ती पुन्हा मिळाली नाही. आणि तेही तसेच नोंदवले गेले.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचे नाव इथे यायलाच हवे. ऑक्टोबर 1995मध्ये फ्लॉरेन्सच्या ज्या परिषदेत 51 पेगासी या ताऱ्याभोवतीच्या पहिल्या तप्त गुरूची वार्ता फुटली, तिथेच कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ग्लीझ 229बी या तपकिरी बटूची, म्हणजे तारा आणि ग्रह यांच्या मधल्या गोलाची, घोषणा झाली. त्याच्या वर्णपटात मिथेन होता, आपल्या गुरूच्या हवेत असतो तसा. ताऱ्यांच्या वर्णपटाकडून ग्रहांच्या वर्णपटाकडे जाणारी वाट तिथून मोकळी झाली, असे माझे मत आहे.

एचडी 209458ची क्रांती, म्हणजे आकाशातले अक्षांश, उत्तर 18 अंश 53 कला आहे आणि तेलगावचे अक्षांश उत्तर 19च्या आसपास. म्हणजे तो तारा या गावाच्या जवळजवळ थेट माथ्यावरून जातो. पूर्वा भाद्रपदेच्या पश्चिमेला, दिवाळीच्या आगेमागे रात्री आठ-नऊच्या सुमारास तो माथ्यावर असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, साध्या द्विनेत्रीतून दिसतो. मात्र आकाश काळोखे हवे. परिसरातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: शाळेसाठी एक द्विनेत्री घ्या आणि वर्षातून एका अंधाऱ्या रात्री मैदानावरचे दिवे तासभर मालवून मुलांना हा तारा दाखवा.