न्यूट्रॉन-किरणांची अधिकारमर्यादा

रोगावर चालून जाणाऱ्या उपायाचे सामर्थ्य आणि त्या उपायाची योग्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ओळखण्यासाठी वैद्यकशास्त्राला पुष्कळदा एका पिढीचा काळ आणि अनेक रुग्णांच्या यातना खर्ची घालाव्या लागतात. कर्करोगावर न्यूट्रॉन-किरणांनी उपचार करण्याच्या कल्पनेचा इतिहास या दृष्टीने विशेष मननीय आहे. प्रारंभी जी कल्पना यच्चयावत् अर्बुदांवरील अधिक प्रखर अस्त्र म्हणून पुढे आली, तिचा दावा दशकागणिक आकुंचित होत गेला. आणि तो जसजसा आकुंचित झाला तसतशी ती कल्पना अधिक सत्य व रुग्णाच्या दृष्टीने अधिक न्याय्य होत गेली, असे माझे मत आहे.

जेम्स चॅडविक यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९३२ साली न्यूट्रॉनचा शोध लावला, आणि अवघ्या सहा वर्षांनी, १९३८ च्या सप्टेंबरात, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनमधून निघालेला न्यूट्रॉनांचा झोत कर्करोगाच्या रुग्णांवर सोडण्यात आला. अर्नेस्ट यांचे बंधू जॉन लॉरेन्स हे स्वतः वैद्य होते, आणि प्रत्यक्ष उपचारांची धुरा क्ष-किरणतज्ज्ञ रॉबर्ट स्टोन यांनी वाहिली. पहिल्या खेपेस २४ आणि नंतर, अधिक मोठ्या यंत्रावर, २२६ रुग्णांना हे उपचार देण्यात आले. त्यांतील बहुतेकांचा रोग अन्य उपायांच्या आटोक्याबाहेर गेलेला होता. १९४३ साली महायुद्धाच्या निकडीने यंत्र दुसऱ्या कामी लागले आणि उपचार तहकूब झाले.

अर्बुदे विरघळत होती, हे खरे. परंतु महिने आणि वर्षे लोटली तसतशी, जे रुग्ण जगले होते त्यांच्या त्वचेत आणि त्वचेखालील मांसल भागात काठिण्य, आकुंचन आणि न भरणारे व्रण असे विलंबित परिणाम प्रकट होऊ लागले. स्टोन यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात या सर्वांचा जमाखर्च मांडला आणि थोड्या सुपरिणामांच्या मानाने हे विलंबित दुष्परिणाम इतके भारी आहेत की ही पद्धती पुढे चालवू नये, असा फैसला दिला. ज्या कार्यावर आपली कीर्ती अवलंबून आहे त्याच कार्याविरुद्ध असा निर्णय लिहून ठेवणे हे शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाचे उत्तम लक्षण होय. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट ही की त्यांनी रुग्णांचे दप्तर तपशीलवार राखले होते, आणि पुढे जेव्हा त्यांच्या निर्णयाची फेरतपासणी झाली, तेव्हा ती त्याच दप्तराच्या आधारे झाली.

ही फेरतपासणी होण्यापूर्वी एक नवा विचार जन्मास यावा लागला. क्ष-किरणांचा आघात विरळ असतो. पेशीच्या गर्भातील डीएनएवर त्यांनी केलेली इजा बव्हंशी क्षणजीवी रासायनिक घटकांच्या द्वारे होते आणि ती पक्की होण्यास प्राणवायूचे साह्य लागते. अर्बुद वेगाने वाढताना त्याच्या अंतर्भागास रक्तपुरवठा अपुरा पडतो, आणि प्राणवायूस वंचित झालेल्या तेथील पेशी क्ष-किरणांना सुमारे तिपटीने कमी दाद देतात. लुई हॅरल्ड ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. न्यूट्रॉन मात्र देहातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर आदळतो, त्यांतून प्रोटॉन उसळतात, आणि त्यांच्या मार्गात आघातांची इतकी दाटी होते की डीएनएचे दोन्ही पदर एकत्र तुटतात व ती मोड पेशीला सहसा सांधता येत नाही; प्राणवायूच्या असण्यानसण्याने पडणारा फरक येथे तिपटीवरून दीडपटीच्या आसपास उतरतो. अर्थात आता न्यूट्रॉनांची शिफारस केवळ प्रखरतेच्या बळावर होत नव्हती, तिच्यामागे एक निश्चित कारण उभे राहिले होते.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५५ पासून वैद्यकीय संशोधनासाठी सायक्लोट्रॉन चालू होता. तेथील संशोधकांनी डुकरांच्या त्वचेवर दीर्घकाळ प्रयोग केले आणि त्यांतून स्टोन यांच्या अपयशाचे मर्म उलगडले. न्यूट्रॉनांची मात्रा अनेक लहान हप्त्यांत विभागून दिली असता क्ष-किरणांच्या तुलनेने तिचा परिणाम एकाच मोठ्या मात्रेहून कितीतरी अधिक भरतो. कारण क्ष-किरणांची इजा हप्त्याहप्त्यांमधील अवकाशात भरून येते, न्यूट्रॉनांची फारशी येत नाही. स्टोन यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. १९७१ साली त्यांच्या जुन्या नोंदी नव्या ज्ञानाच्या प्रकाशात पुन्हा वाचण्यात आल्या तेव्हा त्यांच्या रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा मिळाली होती, असे दिसून आले.

येथून आशेला पुन्हा उधाण आले. हॅमरस्मिथच्या मेरी कॅटरॉल यांनी मस्तक व मान यांतील प्रगत अर्बुदांवर क्ष-किरणांहून सरस परिणाम मिळाल्याचे १९७५ साली प्रसिद्ध केले. परंतु एडिंबरोच्या चाचण्यांत ते सरसपण आढळले नाही, आणि या दोन केंद्रांतील मतभेद दीर्घकाळ मिटला नाही. यंत्रांचीही अडचण होती. हॅमरस्मिथचा झोत खोलवर पोहोचत नसे. विद्युत्भार नसल्यामुळे न्यूट्रॉनास चुंबकाने वळविता येत नाही, आणि प्रोटॉनाप्रमाणे नेमक्या खोलीवर आपली शक्ती टाकून थांबणेही त्यास साध्य नाही. प्राणवायूचा सिद्धांत प्रयोगशाळेत खरा होता. परंतु निरोगी ऊतींची हानी त्याच तीव्रतेने होत असेल तर रुग्णाच्या पदरात त्याचा लाभ पडत नाही, हे सत्य या काळात अनेकांनी मोठ्या कष्टाने पत्करले.

आणि मग ज्या दिशेने फारसे कोणी पाहिले नव्हते तेथे या कल्पनेला तिची हद्द सापडली. लाळग्रंथींची काही अर्बुदे मंदगतीने वाढतात आणि क्ष-किरणांनी झालेली इजा पुष्कळशी सावरून घेतात. नेमक्या या सावरण्याच्या शक्तीवर न्यूट्रॉन मात करतो. शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेरील अशा अर्बुदांवर अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून १९८० च्या दशकात जी तौलनिक चाचणी केली, ती केवळ ३२ रुग्णांवर थांबवावी लागली. कारण फरक इतका उघड दिसू लागला की पुढे रुग्णांस क्ष-किरणांच्या गटात घालणे नीतीस धरून झाले नसते. दहा वर्षांनंतर मूळ जागी व भोवताली रोग आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण न्यूट्रॉनांच्या गटात ५६ टक्के आणि दुसऱ्या गटात १७ टक्के होते. तथापि रोग दूरच्या अवयवांत पसरल्यामुळे एकंदर आयुर्मर्यादेत लक्षणीय भेद पडला नाही, हेही त्याच अहवालात नमूद आहे, आणि ते वगळून पहिला आकडा सांगणे म्हणजे रुग्णाची फसवणूक होय.

याच कल्पनेची दुसरी शाखा असाच धडा देते. न्यूट्रॉन बाहेरून आणावा, पण घात अर्बुदाच्या पेशीतच घडावा, यासाठी त्या पेशींत आधी बोरॉन पोहोचवावा, असे गॉर्डन लोकर यांनी १९३६ सालीच सुचविले होते. मंद न्यूट्रॉन ग्रहण करताच बोरॉनाचे अणुकेंद्र दुभंगते आणि त्याचे तुकडे जेमतेम एका पेशीइतक्या अंतरात आपली शक्ती संपवितात. १९५१ पासून ब्रुकहेवन येथे व नंतर बोस्टनच्या परिसरात मेंदूच्या अर्बुदांवर हा उपाय योजला गेला, परंतु बोरॉन रक्तातही रेंगाळल्याने रक्तवाहिन्यांनाच इजा झाली आणि १९६१ मध्ये ते प्रयत्न थांबले. जपानात हिरोशी हातानाका यांनी १९६८ पासून ते चिकाटीने पुढे चालविले, आणि २०२० साली त्या देशाने मस्तक व मान यांच्या काही कर्करोगांपुरती या उपचारास अधिकृत मुभा दिली.

आजही प्रखर किरणांचे नवे यंत्र आले की त्याच्या सामर्थ्याची वार्ता प्रथम पसरते, आणि हताश कुटुंबे त्या वार्तेवर विसंबून आपली पुंजी पणास लावतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु ज्यांच्या हाती यंत्र आहे त्यांनी कोणत्या अर्बुदावर, कशाच्या तुलनेत आणि किती वर्षांच्या निरीक्षणानंतर हा लाभ सिद्ध झाला आहे, याची उत्तरे विचारण्यापूर्वीच रुग्णापुढे ठेविली पाहिजेत. न्यूट्रॉनांच्या बाबतीत ही उत्तरे मिळावयास अर्धशतक लागले, आणि ती मिळाली ती बर्कलीच्या त्या अडीचशे रुग्णांनी सोसलेल्या व्यथांची नोंद कोणी दडपली नाही म्हणून. त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच आहे : आज उपचार घेणाऱ्या प्रत्येकाची वाटचाल, यशाची असो वा अपयशाची, तितक्याच निष्ठेने वर्षानुवर्षे लिहून ठेवणे आणि तिच्यातून जे निघेल ते आपल्या दाव्यास प्रतिकूल असले तरी प्रसिद्ध करणे.